आधी काडतूस, मग हत्यार

नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभारलेला कारखाना आहे. शेजारी वायुसेनेचा दुरुस्ती डेपो आहे. त्यामुळे गावात निवृत्त फौजी आणि कारखान्यातली माणसं भरपूर. मी वायुसेनेत वेपन फिटर होतो. विमानाची तोफ, तिच्या गोळ्यांचा पट्टा आणि बॉम्बचे रॅक हे माझं काम. साहजिकच रिव्हॉल्वरचं लायसन काढायला निघालेला माणूस आधी माझ्या ओट्यावर येतो. कोणी द्राक्षाचा व्यापारी, कोणी पेट्रोलपंपवाला, कोणी मळ्यात एकटं घर असलेला शेतकरी. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, "भाऊ, सगळ्यात पॉवरफुल कुठलं घेऊ?"

मी उलट विचारतो, "वर्षाला गोळ्या किती उडवणार?" बहुतेक जण हसतात. त्यांना वाटतं, भाऊ विषय टाळतायत. पण माझा सगळा अनुभव त्या एका प्रश्नात आहे.

आमच्या दाजींचंच सांगतो. द्राक्षाचा हंगाम, हातात रोकड, रात्रीचा एकट्याचा प्रवास, म्हणून त्यांना लायसन मिळालं. आता हत्यार घ्यायचं तर दणकट हवं, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं. सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर त्यांना किरकोळ वाटलं. कुणाच्या तरी ओळखीतून जुनं परदेशी .३५७ मॅग्नम विकायला असल्याचं कळलं. नळी लांब, वजन भरपूर, पोलादाला निळसर झळाळी. मी म्हटलं, "दाजी, याच्या गोळ्या कुठून आणणार?" ते म्हणाले, "पाहुणे, एवढं हत्यार मिळतंय, गोळ्यांचं काय घेऊन बसलात!" काही लाख मोजून कागदोपत्री रीतसर व्यवहार झाला. हत्यारासोबत थोडी काडतुसं आली, तीही मूळ मालकाने कधीकाळी घेऊन ठेवलेली.

पुढे परवानगी काढून आम्ही रेंजवर गेलो. पहिल्या बाराला दाजींचं मनगट वर उडालं. दुसऱ्या वेळी त्यांनी चाप दाबायच्या आधीच डोळे मिटले. पुढचं काडतूस फुटलंच नाही. उरलेल्या गोळ्या कागदावर कुठे लागल्या ते शोधावं लागलं. दाजींनी मग उरलेली काडतुसं मोजली आणि पिशवीत ठेवली. "संपली तर काय करायचं?" असं म्हणून सराव थांबला, तो थांबलाच. आज ते हत्यार तिजोरीत आहे. विकायचं तर गिऱ्हाईकही पहिला प्रश्न काडतुसांचाच विचारतं.

या प्रकरणातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्याकडे सामान्य माणसाला कुठलं हत्यार ठेवता येईल, हे कायदाही मुख्यतः काडतुसावरून ठरवतो. शस्त्र नियम २०१६ मधली वर्गवारी वाचा. ज्या पिस्तुलात किंवा रिव्हॉल्वरमध्ये सेनादलांची ९ मिमी किंवा .४५ ची काडतुसं, तसंच .३८० किंवा .४५५ ची काडतुसं बसतात आणि उडतात, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. म्हणजे सिनेमात नायकाच्या हाती दिसणाऱ्या बऱ्याच पिस्तुलांचा विषय नेहमीच्या लायसनवर तिथेच संपतो. परदेशी हत्यारांची खासगी आयात सर्वसामान्य परवानाधारकासाठी ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. बाजारात फिरतात ती जुनी हत्यारं, एकाकडून दुसऱ्याकडे विकली जाणारी, आणि म्हणूनच त्यांचे भाव चढलेले. तो चढा भाव टंचाईचा असतो. त्यावरून हत्यार चांगलं की वाईट, हे कळत नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. देशी कारखान्यांची .३२ ची हत्यारं सहज मिळतात. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' हे हलकं रिव्हॉल्वर आणलं तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' हे रिव्हॉल्वर आलं. लोक अशा किमतींची तुलना करतात आणि काडतुसाचा हिशेब दुकानदारावर सोडतात. हिशेब असा मांडा. समजा, गोळी १०० रुपयांना पडते आणि वर्षभरात सरावाला १०० गोळ्या लागतात. वर्षाचे १०,००० झाले. लायसनची मुदत पाच वर्षांची. तेवढ्या काळाचे ५०,०००. आता समजा, दुर्मिळ बोअर घेतलं आणि गोळी ५०० ला पडली. तेवढ्याच सरावाचे पाच वर्षांत अडीच लाख होतात, तेही गोळ्या मिळाल्या तर. हे आकडे नमुन्याचे आहेत. गन हाऊसमध्ये आजचा भाव विचारून स्वतःचे घाला. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील, हे लायसनवर लिहिलेलं असतं, तेही बघा. तुमच्या सरावाला वरची हद्द तिथे पडते.

काडतुसांच्या बाबतीत महाराष्ट्र काही परका नाही. पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, भुसावळजवळ वरणगावचा कारखाना त्यानंतरचा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आलं. पण देशातले कारखाने जे बोअर बनवतात तेच गन हाऊसमध्ये सहज मिळणार. अमेरिकेत .३५७ वाला माणूस सरावाला त्याच रिव्हॉल्वरमधून .३८ स्पेशलची स्वस्त काडतुसं उडवतो. तिकडचे सल्ले वाचून इकडे खरेदी करू नका. आपल्या जिल्ह्याच्या दुकानात ती सोय तुमची वाट बघत बसलेली नसते.

तिसरी गोष्ट ताकदीची. .३२ च्या रिव्हॉल्वरपेक्षा .३५७ मॅग्नमच्या गोळीत साधारण चार ते पाच पट ऊर्जा असते. १९५५ ला आलेलं .४४ मॅग्नम त्याच्याही पुढे. गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते, तेवढा धक्का मागे हातावर येतो. सराव नसलेला हात तो धक्का आठवून आधीच दचकतो आणि नळी खाली जाते. दाजींचं तेच झालं. आवाज तर बंद खोलीत कानाला कायमची इजा करू शकतो. शिवाय आपल्या मळ्यातली घरं बघा, वर पत्रा, पातळ भिंती, पलीकडे गड्याचं कुटुंब झोपलेलं. चुकलेली मोठी गोळी भिंतीपाशी थांबत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण मिळवलं ते .२२ वर. नेम बसतो तो हजारो गोळ्यांच्या सरावाने.

विमानात आम्ही हेच पाहिलं. ओझरच्या कारखान्यात सुखोई-३० तयार झाली, डेपोत मिग-२९ दुरुस्त होतात. दोन्हींत ३० मिमीची एकाच जातीची तोफ आणि पेटीत फक्त दीडशे गोळ्या. मिनिटाला दीड हजारच्या वेगाने चाप दाबून धरला तर सहा सेकंदांत सगळं खलास. एवढ्या महागड्या विमानाचा पायलटही गोळ्यांचा विचार करूनच चाप दाबतो. मग आपण कोण?

आता घ्यायचंच असेल तर क्रम असा ठेवा.

आधी गरज तपासा. निफाड तालुक्यात उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, म्हणून काही जण रिव्हॉल्वर मागतात. तो विचार सोडा. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे वनखात्याला फोन करायचा. रोकडीची भीती असेल तर बँक आणि सोबतीला माणूस हा उपाय अजूनही स्वस्त आहे.

लायसन झालं की बोअर निवडा, मॉडेल नंतर. जवळच्या दोन-तीन गन हाऊसमध्ये त्या बोअरची काडतुसं आज कपाटात आहेत का, कोणत्या वर्षाची आहेत, हे डोळ्यांनी बघा. .३२ मध्येही रिव्हॉल्वरचं काडतूस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. "दोन्ही बत्तीसच आहेत" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण नियमातच आहे. ते कागदापुरतं उरकू नका. चाप दाबूनही काडतूस फुटलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच सिलिंडर उघडा. आवाज फुसका आला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचा बार करू नका, हत्यार जाणकाराला दाखवा.

काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ठेवू नका, पितळेवर हिरवं चढतं. पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा. हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा, किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका. रिकाम्या पुंगळ्या आणि खरेदीच्या पावत्या सांभाळा, हिशेब कधीही मागितला जातो. मित्राकडून चार राऊंड उसने घेणं हा गुन्हा आहे. लग्नात हवेत बार काढणंही गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच दुरुस्तीने एका लायसनधारकाकडच्या हत्यारांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. म्हणजे कौतुकापोटी घेतलेलं मोठं हत्यार दोनपैकी एक जागा अडवून बसतं.

शेवटी दुकानात गेल्यावर हत्यार हातात घेण्याआधी एवढं विचारा: याची काडतुसं आज किती देता, पुढच्या वर्षी देणार का, आणि काय भावाने? "बघू, मिळतील कुठून तरी" असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा आणि ओझरची बस धरा.