प्रकाशाची कार्यशाळा

पॅरिस नगरीत १८३५ साली स्थापन झालेली एक ओतशाळा १९२९ साली बंद पडली. २०१८ साली त्याच वास्तूत ‘अतलिए दे ल्युमिएर’, म्हणजे प्रकाशाची कार्यशाळा, उघडली. येथे वेगळा पडदा नाही. भिंती व जमीन हाच पडदा. त्यांवर चित्रांचे झोत टाकणारे सुमारे १४० प्रक्षेपक बसवण्यात आले. संगीताच्या साथीने प्रेक्षक जणू चित्रातच हिंडतात.

एका प्रक्षेपकाचे चित्र सारी भिंत व्यापीत नाही. म्हणून अशा रचनेत शेजारच्या चित्रांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढवतात. परंतु तेथे प्रकाश दुप्पट होऊन उजळ पट्टा उमटेल! म्हणून दोन्ही चित्रे कडेकडे क्रमाक्रमाने मंद करीत नेतात. दोन्ही झोत आपापले तेज आवरतात, तेव्हाच चित्र अखंड दिसते.

प्रश्न : सांध्यावर उजळ पट्टा का दिसत नाही?