पहिला पगार, दुसरे खाते आणि पाच लाखांची मर्यादा



पगार जमा होताच रक्कम बाजूला काढली तरच बचत होते. महिनाअखेरीस उरेल ते ठेवू, असे म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. पुण्यात एकट्याने राहून नोकरी करणाऱ्या मुलामुलींच्या पगाराला आधीच वाटा फार असतात: खोलीचे भाडे, डबा, पीएमपीचा पास किंवा पेट्रोल, घरी पाठवायचे पैसे. त्यातून राहिलेली रक्कम यूपीआयने चाळीस-पन्नास रुपयांनी झिरपते. अमृततुल्यात चहा, रिक्षा, घरपोच आलेले जेवण. यातला एकही खर्च मोठा नसतो, म्हणून तो लक्षातही राहत नाही.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे दोन खाती. पगार एका बँकेत, बचत दुसऱ्या बँकेत. बचतीचे खाते फोनमधल्या कुठल्याही यूपीआय अ‍ॅपला जोडलेले नसावे आणि त्याचे एटीएम कार्ड पाकिटात न ठेवता घरी कपाटात असावे. पगार १ तारखेला होत असेल तर ३ तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवावी, म्हणजे ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाते. दुसरे खाते उघडताना किमान शिल्लक किती ठेवावी लागते आणि ती कमी पडली तर किती आकार कापतात, हे मात्र आधी विचारावे.

बचतीच्या खात्यात पैसे नुसते पडू देऊ नयेत. तिथून पहिली पायरी रिकरिंगची, म्हणजे आवर्ती ठेवीची. दरमहा ५,००० रुपयांची वर्षभराची रिकरिंग साडेसहा टक्क्यांनी केली, तर ६०,००० भरून वर साधारण एकवीसशे रुपये व्याज मिळते. व्याज थोडेच असते, पण वर्षाने साठ हजार एकरकमी हातात येतात आणि रिकरिंगचा खरा लाभ तोच आहे. त्यातून मुदत ठेव करता येते.

मुदत ठेवीत नवखी माणसे एक चूक हमखास करतात. लाख रुपये जमले की लाखाची एकच पावती करतात. पुढे दवाखान्यासाठी वीस हजार लागले की अख्खी पावती मोडावी लागते. मग जितके दिवस पैसे राहिले तितक्या दिवसांचा कमी दर लागतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड कापतात. त्याच लाखाच्या पंचवीस हजारांच्या चार पावत्या केल्या, तर एक मोडते आणि तीन चालू राहतात. तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतके पैसे अशा पावत्यांत राहिले की नोकरी सुटली तरी घरी हात पसरावा लागत नाही. मुदतपूर्तीची तारीख वहीत लिहून ठेवावी. मुदत संपली, पावतीचे आपोआप नूतनीकरण झाले नाही आणि पैसे तसेच राहिले, तर त्यांवर बचत खात्याचा दर किंवा पावतीचा दर, यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो. जुलै २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे.

लांबच्या पल्ल्यासाठी पीपीएफ आहे. मुदत पंधरा वर्षे, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, म्हणून भरणा ५ तारखेच्या आत करावा.

बँक कोणती, हा प्रश्न पुण्यात जिव्हाळ्याचा आहे. हे शहर बँकांचेच आहे. कॉसमॉस बँक १९०६ ची, रुपी बँक १९१२ ची. बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ मध्ये इथेच नोंदली गेली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली. पेठेतल्या घरांत बँक पिढीजात असते, आजोबांचे खाते तिथेच नातवाचे. हा विश्वास चांगला, पण तेवढ्यावर सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये. रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना संपला. मधली नऊ वर्षे ठेवीदारांना स्वतःचेच पैसे मनासारखे काढता आले नाहीत. निर्बंध आले तेव्हा ठेवींवरचे विमा संरक्षण अवघे एक लाखाचे होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झाले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंधांनंतर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. एकाच बँकेच्या कोथरूड आणि हडपसर शाखांत वेगवेगळ्या ठेवी असल्या तरी एकाच नावावरच्या ठेवी एकत्रच धरल्या जातात. बचत, रिकरिंग, मुदत ठेव, सगळ्यांची बेरीज होते. म्हणून एका बँकेत व्याजासकट पाच लाखांच्या आतच राहावे, पुढचे पैसे दुसऱ्या बँकेत. पतसंस्थेला हा विमा मुळीच नाही. सराफाकडच्या मासिक योजनेलाही नाही, मैत्रिणींच्या भिशीलाही नाही. पतसंस्था एक टक्का जास्त देते, हे खरे. पण लाखावर एक टक्का म्हणजे वर्षाला हजार रुपये, महिन्याला त्र्याऐंशी. तेवढ्यासाठी लाख रुपये बिनविम्याचे ठेवणे शहाणपणाचे नाही.

फोनवरच्या व्यवहारांत एक गोष्ट पक्की ध्यानात असावी: पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, पण ते बँकेचे होते. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगून गेलेल्या पैशांचे तसे नसते. बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचेच धरले जाते. फसवणूक लक्षात येताच १९३० वर फोन करावा आणि लगेच बँकेला कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता आले तरच मिळतात.

राहिले नॉमिनीचे नाव. तरुण वयात हा रकाना कोरा सोडण्याची सवय फार आहे, आणि पुढे त्याचा त्रास आईवडिलांना होतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क कायदेशीर वारसांचाच राहतो. पण नाव असले की बँकेतून रक्कम मिळण्यातली धावपळ पुष्कळ वाचते. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. नोंद झाली असेल तर तसा शेरा पासबुकावर आणि मुदत ठेवीच्या पावतीवर छापलेला असतो. तो आहे की नाही, हे या शनिवारी पासबुक काढून पाहावे. नसेल तर बँकेत जाऊन नोंद करून घ्यावी; दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मात्र बँक बंद असते.

— मामा