घराण्याचं नाक

चि. सोनूस,


आजोबांच्या अत्तराच्या दुकानाला नवं रूप द्यायचं चाललंय आणि बाटलीवर स्थापनेचं साल ठळक छापायचं ठरलंय, असं ताईकडून कळलं. साल जरूर छाप. पण त्याआधी पॅरिसच्या गेर्लां घराण्याचा इतिहास नीट वाच.

मिरवायला त्यांच्याकडे काय कमी होतं? १८२८ मध्ये पिएर-फ्रान्स्वा-पास्कल गेर्लां यांनी पॅरिसात दुकान थाटलं. १८५३ मध्ये सम्राज्ञी युजेनीसाठी कोलोन बनवलं, त्याच्या बाटलीवर राजचिन्हातल्या मधमाश्या आल्या. एवढ्या पुण्याईवर पुढच्या दोन पिढ्या आरामात जगल्या असत्या.

मुलगा एमे मात्र नव्या मालाच्या शोधात राहिला. रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी १८६८ मध्ये कुमारिन हे सुगंधद्रव्य प्रयोगशाळेत घडवलं, १८७४ मध्ये व्हॅनिलिन आलं. एमेने ही दोन्ही लॅव्हेंडरच्या जोडीला घेतली आणि १८८९ मध्ये ‘जिकी’ काढलं. पुतण्या जाकने व्हॅनिलिनहून कितीतरी तीव्र असं इथाइल व्हॅनिलिन वापरून १९२५ मध्ये ‘शालिमार’ आणलं. नाव मुघल बागेचं. तेव्हा रसायन वापरलं म्हणून कुणी बाटत नाही. बाटतो तो लपवणारा. चंदनतेल परवडत नाही म्हणून दुसरा आधार घेतलास, तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांग.

खरा वारसा मात्र नाकाचा. जाकचा नातू जाँ-पॉल, लहानपणापासून दृष्टी अधू. आजोबांनी त्याला हाताशी धरून एकेक कच्चा माल हुंगायला शिकवलं. आपल्या ओळखीच्या वाळ्यावर बेतलेलं ‘व्हेतिव्हेर’ त्याने १९५९ मध्ये केलं, वयाच्या बाविसाव्या वर्षी! याच जाँ-पॉलने २०१० मध्ये टीव्हीवर कृष्णवर्णीयांबद्दल हीन उद्गार काढले आणि कोर्टाने त्याला दंड केला. घराण्याचं नाव सांगायचं, तर हेही सांगावं लागतं.

हातकामही बघ. खास बाटल्यांच्या बुचावर तिथे पातळ पडदा ताणतात, मानेभोवती दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारतात, मग दोऱ्याची टोकं ब्रशने पिंजून गोंड्यासारखी फुलवतात. सगळं हाताने.

१९९४ मध्ये कंपनी एलव्हीएमएच समूहाकडे गेली. २००८ मध्ये थिएरी वासेर हे मुख्य सुगंधकार झाले, आणि ते गेर्लां नव्हेत. रक्ताचं नातं नसलेल्या माणसाच्या हाती जुनी सूत्रं आली. ओकमॉस या सुगंधी द्रव्यावर ॲलर्जीमुळे निर्बंध आल्याने १९१९ च्या ‘मित्सुको’च्या घडणीत फेरफार करावे लागले, तरी मूळ वास हातचा जाऊ नये म्हणून झटणारे हेच.

म्हणून सांगते, दुकानातल्या जुन्या कारागिराला ‘नोकर’ समजू नकोस. आजोबांचा हात कसा होता, हे त्यांनाच ठाऊक. डिझायनरला पैसे देण्याआधी त्यांचा पगार वाढव. रोज सकाळी, नाक ताजं असताना, त्यांच्याजवळ बसून वाळा, केवडा, गुलाब वेगवेगळ्या फायांवर हुंग. आणि मिश्रणांची प्रमाणं तोळ्या-माशांत असतील, तर त्यांच्यासमोरच ग्रॅममध्ये उतरवून घे.

तुझी,
मावशी