जुनी मोटार : झाकलेले दोष आणि खरेदीपूर्व तपासणी

नवी मोटार ज्यांच्या आवाक्यात नाही, अशा असंख्य कुटुंबांची मोटारीची हौस आणि गरज वापरलेल्या मोटारीने भागते. नीट पारख करून घेतलेली जुनी मोटार अनेक वर्षे उत्तम सेवा देते, यात शंका नाही. तथापि या व्यवहारात एक मूलभूत विषमता असते. विकणाऱ्यास मोटारीचा पूर्वेतिहास ठाऊक असतो. घेणाऱ्यास तिचे केवळ बाह्यरूप दिसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन या विषमतेची मीमांसा केली. माहितीच्या अशा विषमतेवरील कार्याबद्दल २००१ साली त्यांना इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रात हा प्रश्न किमतीचा असला, तरी रस्त्यावर तो जीविताचा होतो.

तपासणी कोणाची जबाबदारी?

प्रवासी व मालवाहतूक करणाऱ्या व्यावसायिक वाहनांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची प्रथम नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी वैध असते आणि नूतनीकरणाची वेळ येईपर्यंत तिचे ब्रेक, सुकाणू वा सांगाडा यांची अशी नियतकालिक तपासणी होत नाही. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र केवळ धुराविषयी सांगते. विम्याचा कागद मोटार सुरक्षित असल्याची ग्वाही देत नाही. म्हणजेच, सर्व कागदपत्रे चोख असलेली मोटारही धोकादायक असू शकते. ही उणीव भरून काढण्याचे काम खरेदीदारानेच करावयाचे असते.

रंगाखालचा इतिहास

मोटारीचा पुढील व मागील भाग टकरीच्या वेळी स्वतः चेपून आघात शोषून घेईल, अशा रीतीने बनविलेला असतो. एकदा चेपलेला हा भाग ठोकून, जोडून व रंगवून पूर्ववत दिसू लागतो. परंतु त्याची आघात शोषण्याची क्षमता पूर्ववत होतेच असे नाही. दारे व बॉनेट यांच्या कडेच्या फटी असमान असणे, बोल्टांच्या माथ्यावरील रंग उडालेला असणे, दाराच्या रबराखाली रंगाचे तुषार आढळणे, बॉनेटखालील पत्र्यावर हाताने केलेल्या वेल्डिंगच्या खुणा दिसणे, ही मोठ्या दुरुस्तीची लक्षणे होत. किनारपट्टीवरील खाऱ्या हवेत वापरलेल्या मोटारीचा तळ विशेष काळजीने पाहावा. तळाला नुकताच दिलेला काळा लेप गंजाचे संरक्षण करण्यासाठी असतो, तसाच तो गंज झाकण्यासाठीही असू शकतो.

टकरीत एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. ती नवीन बसवावी लागते. हा खर्च टाळण्यासाठी केवळ वरचे झाकण बदलून आत पोकळी ठेवल्याचे प्रकार घडतात. किल्ली फिरविताच एअरबॅगचा सूचकदिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दिवाच काढून टाकला असण्याचा संभव असतो. दिवा व्यवस्थित लागला तरी फसवी जोडणी असू शकते; म्हणून संगणकीय यंत्राद्वारे केलेली तपासणी अगत्याची ठरते.

पुराच्या पाण्यातील मोटारी

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ साली कोल्हापूर व सांगली, तर जुलै २०२१ मध्ये चिपळूण जलमय झाले. अशा प्रत्येक आपत्तीत बुडालेल्या मोटारींपैकी काही स्वच्छ होऊन दूरच्या गावी पुन्हा विक्रीस येऊ शकतात. इंजिन दुरुस्त होते, आसने धुतली जातात. परंतु विद्युत जोडण्यांत शिरलेला ओलावा हळूहळू धातू कुरतडत राहतो. एअरबॅग किंवा ब्रेकची विद्युत यंत्रणा त्यामुळे काही महिन्यांनी, पूर्वसूचना न देता निकामी होऊ शकते. सुरक्षापट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहावा. त्यावरील गाळाची रेषा पाण्याची पातळी सांगते. गालिच्याखालील माती, आसनांच्या रुळांवरील गंज, जादा चाकाच्या खोबणीतील चिखल आणि मोटारीतील उग्र सुगंध यांचीही दखल घ्यावी.

ब्रेक, टायर आणि गॅसची टाकी

ब्रेकमधील द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. वर्षानुवर्षे न बदललेला द्रव घाटाच्या लांब उतारावर तापून उकळतो आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. इंजिन सुरू ठेवून ब्रेक एक मिनिट दाबून धरावा. तो हळूहळू खाली जात असल्यास आत गळती आहे असे समजावे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावताच मोटार एका बाजूस ओढली जात असल्यास तोही दोषच होय.

टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर जुने झालेले असू शकते. टायरच्या कडेवरील चार आकडी खूण त्याचे वय सांगते. ‘२३१९’ याचा अर्थ तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली असल्यास टायर बदलणे आवश्यक आहे. सीएनजीवरील मोटारीच्या टाकीची दर ३ वर्षांनी दाबचाचणी व्हावी लागते. तिचे प्रमाणपत्र आणि नोंदणीपुस्तकातील गॅसची नोंद, दोन्ही पाहावीत.

तपासणीची रीत

मोटार दिवसाउजेडी, कोरडी असताना आणि इंजिन थंड असताना पाहावी. चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून घ्यावेत. त्यानंतर विसार देण्यापूर्वी मोटार आपल्या विश्वासातील कारागिराकडे न्यावी. विक्रेत्याने सुचविलेल्या गॅरेजात नव्हे. मोटार लिफ्टवर वा खड्ड्यावर घेतल्याखेरीज तळ, ब्रेकच्या नळ्या, सुकाणूचे सांधे व झटकाशोषक यांची खरी स्थिती कळत नाही. कारागिराचा अभिप्राय लेखी घ्यावा. या तपासणीचा खर्च मोटारीच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. तपासणीस नकार देणारा विक्रेता त्या नकारानेच पुष्कळ काही सांगून जातो.

उत्पादकाने एखाद्या दोषासाठी मोटारी परत बोलावल्या असल्यास ती दुरुस्ती विनामूल्य होते. परंतु मालक बदलल्यावर सूचना जुन्याच पत्त्यावर जात राहण्याचा संभव असतो. उष्ण व दमट हवेत बिघडून फुटताना धातूचे तुकडे उडविणाऱ्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांसाठी भारतातही मोटारी परत बोलाविण्यात आल्या होत्या. म्हणून चॅसी क्रमांक देऊन उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे चौकशी करणे इष्ट.

कायद्याचा आधार

मालविक्री अधिनियम, १९३० अन्वये मालाच्या गुणवत्तेची सर्वसाधारण हमी गृहीत धरलेली नाही. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाबाबत काही अपवाद आहेत. परंतु ग्राहकाने माल तपासला असल्यास, त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांबद्दल तक्रार करता येत नाही. वरवरची पाहणी त्यामुळे ग्राहकाच्याच अंगलट येते. व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते; राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. व्यवहार पूर्ण होताच प्रादेशिक परिवहन कार्यालयात हस्तांतरणाची नोंद करण्यास विलंब लावू नये. नोंदणीकृत मालकच अपघाताच्या भरपाईस जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. हे विकणाऱ्यानेही ध्यानी ठेवावे.

किमतीत झालेली फसवणूक पैशाने भरून निघते. ब्रेकने ऐन वेळी दिलेला दगा भरून निघत नाही. ज्या मोटारीत उद्या आपली मुलेबाळे बसणार आहेत, तिच्यासाठी अर्ध्या दिवसाची तपासणी करून घेणे हे प्रत्येक खरेदीदाराचे कर्तव्यच होय.