खर्ची न पडणारा मदतनीस

शाळेच्या प्रयोगशाळेत ऑक्सिजन वायू तयार करताना हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची चिमूटभर काळी पूड टाकतात. लगेच बुडबुडे येऊ लागतात. विक्रिया संपल्यावर ती पूड गाळून, वाळवून तोलली तर वजन पूर्वीइतकेच भरते. विक्रियेचा वेग वाढविणाऱ्या, पण स्वतः खर्ची न पडणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. या ‘खर्ची न पडणाऱ्या’ शब्दांना कारखान्यात किती मोल आहे, ते एका औषधाच्या उदाहरणाने पाहू या.

आयबुप्रोफेन हे ताप व सांधेदुखीवरील औषध इंग्लंडमधील बूट्स कंपनीत स्टुअर्ट अॅडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. १९६९ साली ते ब्रिटनमध्ये मिळू लागले. आयसोब्युटिलबेंझीन या द्रवापासून ते सहा पायऱ्यांनी बनवीत. पहिल्या पायरीत अॅल्युमिनियम क्लोराइड लागे. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात खरे. परंतु तयार होणारा कीटोन त्याला घट्ट धरून ठेवतो. कीटोन सोडविण्यासाठी पाणी घालावे लागते आणि पाण्याने अॅल्युमिनियम क्लोराइडचे विघटन होते. म्हणून चिमूटभर पुरत नाही. कीटोनच्या रेणूमागे त्याचा एक रेणू, किंबहुना अधिकच घ्यावा लागतो आणि दर खेपेस त्याचा गाळ टाकून द्यावा लागतो.

आता हिशेब करू. आयबुप्रोफेनच्या रेणूत कार्बनचे १३, हायड्रोजनचे १८ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. म्हणून त्याचा रेणुभार २०६. सहा पायऱ्यांत वापरलेल्या द्रव्यांच्या रेणुभारांची बेरीज मात्र ५१४.५ येते, आणि तीत अॅल्युमिनियम क्लोराइड धरलेलेच नाही. म्हणजे सर्व विक्रिया पूर्णपणे पार पडल्या, तरी औषधात उतरते केवळ ४० टक्के द्रव्य. या प्रमाणाकडे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली लक्ष वेधले. त्याला आपण ‘अणूंची काटकसर’ म्हणू.

१९९२ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातील बिशप येथे नव्या पद्धतीचा कारखाना सुरू झाला. येथे पायऱ्या तीनच. पहिलीत हायड्रोजन फ्लोराइड हा उत्प्रेरक असून तो ऊर्ध्वपातनाने परत मिळवितात. दुसरीत स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलच्या साहाय्याने कीटोनला हायड्रोजन जोडतात. वनस्पती तूप करतानाही निकेलच तेलाला हायड्रोजन जोडून देते. निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूतील दोन अणू सुटे होतात, त्यामुळे हे काम सोपे होते. तिसऱ्या पायरीत पॅलेडियमचा अणू मध्यस्थ असतो. तो रेणूला स्वतःशी जोडून घेतो, शेजारी कार्बन मोनॉक्साइड आणून दोघांची गाठ बांधतो आणि तयार माल सोडून पुढच्या रेणूसाठी मोकळा होतो.

पुन्हा बेरीज करा. आयसोब्युटिलबेंझीन १३४, अॅसेटिक अॅनहायड्राइड १०२, हायड्रोजन २, कार्बन मोनॉक्साइड २८, एकूण २६६. त्यांतील २०६ औषधात गेले, म्हणजे ७७ टक्के. उरलेले ६० म्हणजे अॅसेटिक आम्ल. तेही उपयोगी असल्याने परत मिळविता येते. या पद्धतीला १९९७ साली अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.

तथापि ही पद्धत निर्धोक नाही. हायड्रोजन फ्लोराइड व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही अतिशय विषारी आहेत. त्यामुळे यंत्रसामग्री कडेकोट बंदिस्त ठेवावी लागते. शिवाय गंधकाची संयुगे मिसळली तर निकेल व पॅलेडियम निकामी होतात. पॅलेडियम मौल्यवान असल्याने त्याचा कण न् कण जपावा लागतो. उत्प्रेरक परत मिळाला तरच तो खरा उत्प्रेरक. हातचा गेला, तर तो खर्चात आणि सांडपाण्यात जमा होतो.

स्वाध्याय
१. हायड्रोजन पेरॉक्साइडपासून ऑक्सिजन करताना अणूंची काटकसर किती टक्के होते? (रेणुभार : हायड्रोजन पेरॉक्साइड ३४, ऑक्सिजन ३२. पेरॉक्साइडच्या दोन रेणूंपासून ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो.)
२. या विक्रियेत उरणारा दुसरा पदार्थ कोणता? तो नदीत सोडला तर अपाय होईल का?