प्रीअँप एकटा वाजत नाही

व्हॉल्व्हचा घ्यावा की सॉलिड स्टेट? पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात मी दोन्ही नांदवले. खिसा हलका करून जे कळलं, ते असं.

१. आधी आवाज सारखा करा, मग तुलना
व्हॉल्व्हचा प्रीअँप घरी आला त्या रात्री मी खुळावलोच. तानपुरे कसे भरून आले होते! दुसऱ्या दिवशी ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला, तर नवा जरासा मोठ्याने वाजत होता. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दोन्हींची पातळी एक केली आणि कुठला चालू आहे ते न सांगता बायकोला ऐकवले. ती म्हणाली, "अहो, दोन्हींत किशोरीताईच गातायत. मग पैसे कशाचे दिले?"

२. पत्रिका जुळते का बघा
पुढे पॉवर अँप बदलला आणि डग्ग्याचा घुमारा गेला. आठवडाभर मी स्पीकर सरकवत बसलो. व्हॉल्व्ह प्रीअँपच्या आउटपुटला ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता आणि नव्या पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स होता फक्त १० किलोओहम. अशा जोडीत ६०-७० हर्ट्झपासून खालचा आवाज गळू लागतो. तोच प्रीअँप १०० किलोओहमला जोडला, तर ही हद्द ७ हर्ट्झपर्यंत उतरते. पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स प्रीअँपच्या आउटपुटच्या निदान दहापट असावा. सॉलिड स्टेटचा आउटपुट बहुधा काहीशे ओहमच्या आतच असतो, त्यामुळे त्याचं कुणाशीही पटतं.

३. गेन गरजेपुरताच घ्या
सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो आणि बऱ्याच पॉवर अँपना तेवढे पुरतात. तरी माझा प्रीअँप सिग्नल दहापट वाढवायचा. नॉब जेमतेम हलवला की घर दणाणायचं. नॉबच्या त्या सुरुवातीच्या भागात डावी-उजवी बाजू सारखी चालत नाही, त्यामुळे हळू आवाजात गायक एका कडेला सरकायचा.

४. 'ऊब' म्हणजे काय, ते ओळखा
साध्या व्हॉल्व्ह सर्किटमध्ये विकृतीचा मोठा वाटा दुसऱ्या हार्मोनिकचा असतो. षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्ज, तिसरा तार पंचम. दोन्ही सुरात मिसळून जातात. सातवा मात्र कोमल निषादाच्या खाली, बेसूर पडतो. म्हणून दुसऱ्या हार्मोनिकची थोडी विकृती गोड लागते. पण नीट बांधलेल्या व्हॉल्व्ह प्रीअँपमध्ये तीही फार नसते. ऊब हवीच असेल तर आधी खोलीत सतरंजी आणि जाड पडदे लावून बघा.

५. रेकॉर्ड ऐकत असाल तर कार्ट्रिज बघा
मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज सुमारे ५ मिलिव्होल्ट देतं. ते ईसीसी८३ व्हॉल्व्ह छान सांभाळतो. मूव्हिंग कॉइलचं बऱ्याचदा अर्धा मिलिव्होल्टही भरत नाही. तिथे व्हॉल्व्हची सूं-सूं गाण्यावर चढते. मग आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर सरळ सॉलिड स्टेट.

६. पेन्सिल जवळ ठेवा
व्हॉल्व्ह विकत घेताना चालू स्थितीत त्याच्या काचेवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारायला सांगा. स्पीकरमधून 'टण्ण' असा घंटेसारखा नाद आला, तर तो नग परत करा. मी लाजेखातर न तपासता चार आणले. दोन घंटा निघाले, आणि दुकानदाराने ते परत घेतले नाहीत.

७. घरातली माणसं मोजा
व्हॉल्व्ह प्रीअँपच्या आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. वरची जाळी काढून चमकते व्हॉल्व्ह पाहुण्यांना दाखवायची हौस मी भाचा रांगायला लागला त्या दिवशी सोडली. शिवाय वापरलं की व्हॉल्व्ह झिजतात, म्हणून प्रीअँप दिवसभर चालू ठेवता येत नाही.

आज माझ्याकडे सकाळच्या बातम्या आणि भजनं सॉलिड स्टेटवर वाजतात, रविवारच्या रेकॉर्डी व्हॉल्व्हवर. कुणी विचारलं, "काका, कुठला घेऊ?" तर मी उलट विचारतो, "पॉवर अँप कुठला आहे?" उत्तर आलं नाही, तर चहा पाजतो आणि आधी त्याचं मॅन्युअल शोधून आणायला सांगतो.