पहिली दोन प्रकरणे

आठवणी लिहू लागलेल्या माणसाने आपली पहिली प्रकरणे विश्वासाने वाचायला दिली, तर वाचणाऱ्याने काय करावे? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या प्रश्नात पडू नये, असे कोणी म्हणेल. पण मी पडलो आणि चुकलो.

माझ्या मामेबहिणीने, आमच्या अक्काने, गेल्या दिवाळीत एक वही माझ्या हाती दिली. लहानपणाच्या आठवणींची दोन प्रकरणे होती. मी लाल पेन घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, ‘गुंडी’चे ‘बटण’ केले, आपल्याकडच्या बोलण्यात सहज येणारे कानडी शब्द खोडले. वही परत घेताना अक्का एवढेच म्हणाली, “मग तूच लिही की!” तिसरे प्रकरण काही आले नाही.

पुढे ग्रंथालयात लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८-१९३६) ‘स्मृतिचित्रे’ हाती आले. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांचे पती कवी रेव्हरंड टिळक १९१९ साली वारले. मुलगा देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. म्हणजे मुळात तो चरित्रासाठी लागणारा कच्चा माल! पण हा कच्चा माल म्हणजेच पुस्तक आहे, हे देवदत्तांनी ओळखले. ते लेखन ‘संजीवनी’त क्रमशः येऊ लागले आणि १९३४ साली त्याचा पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला.

आरंभीच वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याची हकिकत आहे. घरातल्या बायकामुलांचे त्यात हाल झाले, पण सांगणारी हसत सांगते. भाषा ओसरीवर बसून बोलावे तशी. माझ्यासारख्याच्या लाल पेनाखाली ती सापडली असती तर काय उरले असते, या विचाराने मी वरमलो.

आमच्या विषयातलेच सांगायचे तर, रोजकीर्द लिहिली जात असताना लेखापरीक्षक दुकानात येऊन बसत नाही. त्याचे काम वर्षअखेरीस. शुद्धलेखनाचेही तसेच, त्याला वेळ आहे, पुस्तक तर पुरे होऊ द्या. मात्र नुसते ‘छान आहे’ म्हणूनही भागत नाही. त्यातून लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही. आपण कोठे हसलो, कोठे थांबलो, कोठे नीट समजले नाही, हे जागा दाखवून सांगावे. आणि पुढे काय झाले ते विचारावे. क्रमशः लेखनात पुढच्या भागाची वाट पाहणारा वाचक नेमके हेच करीत असतो.

परवा मी अक्काकडे गेलो. आधी माफी मागितली. मग विचारले, “दुसऱ्या प्रकरणात आजीने विकलेली म्हैस रात्री परत आली, असे लिहिलेस. मग ज्याने घेतली होती त्याने काय केले?”

“ते लिहिले नाही होय मी?” म्हणत ती पाट ओढून बसली आणि सांगू लागली. मी वही आणून तिच्यापुढे ठेवली. पेन माझेच दिले, पण निळे.